क्वार्टरची उसनी झोप

"सर, मी बेवडा नाही. झोप येत नाही म्हणून घेतो. तुम्ही गोळी लिहून द्या, उद्यापासून बाटलीला हात लावणार नाही."

चाकण, म्हाळुंगे, भोसरी, तळवडे या पट्ट्यातून येणाऱ्या माणसांच्या तोंडून हे वाक्य, शब्दांच्या थोड्याफार फरकाने, मी किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. आज ज्याच्याविषयी लिहितो आहे तो कुणी एकच माणूस नव्हे. चार-पाच जणांच्या हकिकती एकत्र केल्या आहेत आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. वय एकतीस. मूळचा मराठवाड्यातला. आयटीआय झालेला, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेला. खराबवाडीत पत्र्याच्या खोलीत तिघं मिळून राहतात. बायको आणि चार वर्षांची मुलगी गावी. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. फर्स्ट, सेकंड, नाइट.

सुरुवात नाइटच्या आठवड्यात झाली. सकाळी आठला खोलीवर यायचं तेव्हा बाहेर सगळ्यांचा दिवस सुरू झालेला. शेजारी कुकरच्या शिट्ट्या, वर तापायला लागलेला पत्रा, रस्त्यावर कंटेनरचे हॉर्न. डोळे मिटले तरी कानात लाइनचा आवाज. रूम पार्टनरने सांगितलं, "नाइंटी मार आणि पड." त्याने मारली, आणि दहा मिनिटांत झोप लागली. औषध सापडलं असं त्याला वाटलं. दोन महिन्यांत नाइंटी पुरेनाशी झाली. मग क्वार्टर. मग फर्स्ट शिफ्टलाही, सुट्टीच्या दिवशीही. माझ्याकडे आला तेव्हा रोजच्या क्वार्टरला दीड वर्ष होत आलं होतं. मित्रांबरोबर 'बसणं' त्याने कधीच सोडलं होतं. एकटाच, चकण्याशिवाय, औषधाचा डोस घ्यावा तशी घ्यायचा. म्हणूनच त्याला स्वतःला दारुडा म्हणवत नव्हतं. दारुडा म्हणजे देशीच्या दुकानाबाहेर पडलेला. हा तर रोज वेळेवर कंपनीच्या बसमध्ये असायचा.

"झोप लागते, मग अडचण काय?" मी विचारलं.

"लागते सर. पण तीनला जाग येते."

तीनला येते ती टक्क जाग. छाती धडधडत असते, अंगाला घाम, तोंडाला कोरड. मग उजाडेपर्यंत डोक्यात तेच ते. ठेकेदार ब्रेक देईल का, वडिलांच्या आजारपणात काढलेले पैसे कधी फिटतील, मुलगी फोनवर का बोलत नाही, आपला घराला उपयोग काय. हे शेवटचं त्याने खाली बघून सांगितलं. मी विचारत गेलो तसं आणखी निघालं. जेवण कमी झालं होतं. रविवारी टेनिस बॉलचं क्रिकेट खेळायचा, ते बंद. गावी फोन करायचा कंटाळा, आणि केला नाही याची दिवसभर बोच. सुपरवायझरशी दोनदा भांडण. 'उदास वाटतं का' या प्रश्नाला मात्र तो 'नाही' म्हणाला. पुरुष बहुधा नाहीच म्हणतात. चिडचिड होते, अंग दुखतं, डोकं चालत नाही, टेन्शन आहे, असं सांगतात. त्यांच्या नैराश्याची भाषा हीच असते. ती ऐकून पित्ताची गोळी किंवा ताकदीचं सलाइन देणारेही कमी नाहीत.

आधी दारूचं बघू. दारूने झोप लागते हे खोटं नाही. मेंदूतल्या पेशींना शांत करणारं गाबा नावाचं एक रसायन आहे आणि त्यांना चेतवणारं ग्लुटामेट नावाचं दुसरं. दारू गाबाचं काम वाढवते आणि ग्लुटामेटचं दाबते. जागेपणी मेंदूत साचत जाणारं आणि आपल्याला पेंगुळवणारं अ‍ॅडिनोसिनही तिच्यामुळे वाढतं. त्यामुळे डोळे लवकर मिटतात आणि रात्रीचा पहिला भाग गाढ जातो. दारू आणि झोप यांवर आजवर झालेल्या प्रयोगांत याबद्दल फारसा वाद नाही. रात्रीच्या दुसऱ्या भागात काय होतं, ते महत्त्वाचं.

एक साधा हिशेब करून बघा. व्हिस्कीच्या किंवा रमच्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. त्यात शुद्ध अल्कोहोल भरतं सुमारे ६१ ग्रॅम. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकामी करतं आणि त्याची ही गती लिंबूपाण्याने, गार पाण्याच्या आंघोळीने किंवा काळ्या कॉफीने वाढत नाही. म्हणजे एक क्वार्टर पूर्ण उतरायला सहा ते साडेआठ तास. सेकंड शिफ्ट करून आलेल्याने रात्री साडेबाराला घेतलेली क्वार्टर सकाळी सहालाही थोडीफार रक्तात असते. प्रेसवर किंवा लेथवर उभं राहणाऱ्याने एवढा हिशेब तरी लक्षात ठेवावा.

अकराला घेतली, तर दोन-तीनच्या सुमाराला रक्तातली पातळी निम्म्यापर्यंत उतरत आलेली असते. पण मेंदू एवढा वेळ गप्प बसलेला नसतो. रोज रात्री कुणीतरी ब्रेक दाबतं म्हटल्यावर त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवायची सवय लावून घेतलेली असते. दारू उतरते तसा ब्रेक सुटतो, अ‍ॅक्सिलरेटर मात्र दाबलेलाच राहतो. धडधड, घाम आणि टक्क जाग येते ती यातून. शिवाय दारूने लघवी जास्त होते. घशाचे स्नायू सैल पडल्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणंही वाढतं. स्वप्नं पडतात ती झोप, जिला आम्ही 'रेम' झोप म्हणतो, पहिल्या काही तासांत दाबली जाते आणि पहाटे उसळून येते. म्हणून या लोकांची पहाटेची स्वप्नं विचित्र आणि भीतीदायक असतात. आणि दारूचा झोप आणण्याचा गुण काही रात्रींतच बोथट व्हायला लागतो. मग तेवढ्याच झोपेसाठी माप वाढवावं लागतं. माप वाढलं की उतरणंही तेवढंच खडतर होतं.

रात्रीच्या पहिल्या भागात मिळालेली ही झोप उसनी असते. वसुली त्याच रात्री होते, पहाटे.

आता नैराश्य. नेहमीच्या वेळेच्या दोन तास आधी जाग येणं आणि सकाळी मन सर्वांत जड असणं, हे नैराश्याचं जुनं, पाठ्यपुस्तकात असलेलं लक्षण आहे. निरोगी माणसाला झोप लागल्यावर पहिली रेम झोप यायला साधारण दीड तास लागतो. नैराश्य असलेल्या अनेकांत ती बरीच लवकर येते, हे अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड कुप्फर यांनी १९७०च्या दशकात दाखवलं. म्हणजे दारू आणि नैराश्य दोघंही झोपेच्या त्याच रचनेला धक्का लावतात. तीनला येणारी जाग दारूची की नैराश्याची, हे नुसतं बघून रुग्णाला कळत नाही. खरं सांगायचं तर डॉक्टरलाही कळत नाही.

या कोड्यावर एक जुना अभ्यास मला अजूनही उपयोगी वाटतो. १९८८मध्ये सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट यांनी अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी दाखल झालेल्या १९१ पुरुषांचं नैराश्य दर आठवड्याला मोजलं. दाखल होताना ४२ टक्के जणांत उपचार करावेत एवढं नैराश्य होतं. चार आठवडे दारूशिवाय गेल्यावर ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. अनेकांचं नैराश्य दारूनेच तयार केलेलं होतं. ज्याच्यासाठी दारू घेत होते, ते दारूच पुरवत होती.

पण यावरून 'आधी दारू सोड, मग बघू' असं म्हणून रुग्णाला परत पाठवणं चूक आहे. दुर्दैवाने तसं होतं. दाखल झालेल्या माणसाला चार आठवडे दारूपासून दूर ठेवता येतं. खोलीत एकटा राहणाऱ्याला कोण ठेवणार? आणि काहींचं नैराश्य दारूच्या आधीपासून असतं, ते चार आठवड्यांनी आपोआप जात नाही. कोणतं आधी आलं, हे शोधायला सर्वांत उपयोगी पडतं ते घरचं माणूस. त्याच्या परवानगीने, त्याच्याच फोनवरून मी त्याच्या बायकोशी बोललो.

"मामांच्या आजारपणापासून हे गप्पच झालेत," ती म्हणाली. मामा म्हणजे तिचे सासरे. "ते गेले त्याच्या आधीपासून. रात्र रात्र अंगणात बसून राहायचे."

तेव्हा तो दारूला शिवतही नव्हता. म्हणजे झोप आधी नैराश्याने उडवली होती. नाइट शिफ्टने तिच्यावर बोजा टाकला आणि दारू नंतर आली. दारूबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. ते त्याने सांगायचं होतं.

शिफ्टचा भाग लहान नाही. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४मध्ये उभा राहिला, एमआयडीसी १९६२मध्ये आली आणि तेव्हापासून चाकणपर्यंतचा हा सगळा पट्टा तीन पाळ्यांत जागा असतो. माणसाच्या शरीरातलं घड्याळ मात्र उजेडावर चालतं आणि दिवसाला फार तर तासाभराने सरकतं. दर आठवड्याला शिफ्ट फिरली की ते कुठल्याच पाळीला जुळत नाही. नाइट संपवून निघालेल्या माणसाच्या डोळ्यांवर सकाळचं ऊन पडतं आणि मेंदूला निरोप जातो, दिवस उगवला. त्यात बस तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकली तर झोपेचा आणखी एक तास गेला. काही खोल्यांत एकाच कॉटवर आळीपाळीने दोघं झोपतात. एक उठल्याशिवाय दुसऱ्याला जागा नाही. अशा माणसाला 'झोपेचं वेळापत्रक पाळा' असं सांगताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. तरी करण्यासारखं थोडं असतं. घरी जाताना काळा गॉगल किंवा टोपी, खिडकीला जाड काळं कापड, शिफ्टच्या शेवटच्या अर्ध्या भागात चहा बंद, नाइटला जाण्याआधी संध्याकाळी तासभर झोप.

मदत मिळत नाही, हे दुखणं जुनं आहे. दिल्लीच्या एम्सने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार दारूमुळे मदतीची गरज असलेले भारतात ५.७ कोटी लोक आहेत. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाने कसला तरी उपचार घेतलेला होता. पुण्याला तर याबाबत चांगला वारसा आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू केलं. तेव्हा समोर प्रश्न होता गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा. पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. व्यसन हा आजार आहे, हे वाक्य महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचवण्यात मुक्तांगणचा वाटा फार मोठा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारूशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतलं आहे. पण आमचा हा कामगार मुक्तांगणला जाणार नाही. महिनाभर खाडा म्हणजे ठेकेदाराच्या यादीतून नाव गेलं. आणि त्याच्या मते तो 'तसा' नाहीच.

अशा मधल्या माणसांसाठी गोव्यात झालेलं काम बघण्यासारखं आहे. तिथे संगाथ संस्थेच्या डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन प्रयोग केले; निष्कर्ष २०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना जास्तीत जास्त चार बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होतं. दुसऱ्या प्रयोगात नैराश्यासाठी सहा ते आठ बैठका होत्या. भर एकाच गोष्टीवर होता : मन लागत नसलं तरी आवडीचं, उपयोगाचं एखादं काम ठरवून करायला लागायचं. तिथे ६४ टक्के विरुद्ध ३९ टक्के असा फरक पडला. आकडे चमत्काराचे नाहीत, आणि दारूवर गंभीरपणे अवलंबून असलेल्यांना यात घेतलेलं नव्हतं. तरीही मला वाटतं, चाकणच्या मोठ्या कंपन्यांच्या दवाखान्यांत असा एकेक समुपदेशक बसवता येईल. खर्च फार नाही. अडसर वेगळा आहे. तिथे सांगितलेलं एचआरपर्यंत जाणार नाही, याची कामगाराला खात्री पटली पाहिजे.

आता त्याने मागितलेल्या गोळीबद्दल. मेडिकलमधून ओळखीने मिळणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. दारूच्या जागी रोजची गोळी आली तर एका उसनवारीच्या जागी दुसरी आली, एवढंच. दुसरी चूक याच्या उलटी : उद्यापासून एकदम बंद. रोज जास्त पिणाऱ्याने असं एकट्याने करू नये. दारू तुटल्यावर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, भास होतात, ताप येतो. यात माणूस दगावू शकतो. सकाळी हात थरथरणं, घाम, मळमळ आणि घोट घेतल्यावर बरं वाटणं ही खूण असेल, किंवा आधी कधी फिट आलेली असेल, तर दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. आणि तिसरी चूक घरच्यांची. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती वाचून चहातून, भाजीतून पावडर दिली जाते. त्यात डायसल्फिराम असेल आणि वरून दारू गेली, तर रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल तरच.

याचे हात सकाळी थोडे थरथरत होते, फिट कधी आलेली नव्हती. यकृताच्या तपासण्या केल्या. पहिल्या आठवड्यासाठी कमी कमी होत जाणारी औषधं, ती मात्र रूम पार्टनरच्या ताब्यात. त्याबरोबर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. नैराश्य आधीपासूनचं होतं म्हणून त्याचं औषधही लगेच सुरू केलं; त्याचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, हे सांगून. आणि एक गोष्ट मी दोनदा सांगितली : झोप सुधारण्याआधी बिघडेल. दारू सोडल्यानंतर झोप काही आठवडे, कधी काही महिने तुटक राहते. लोक पुन्हा बाटलीकडे वळतात ते बहुतेक याच काळात. त्यांना वाटतं, बघा, दारू होती तेव्हा निदान झोप तरी होती. यासाठी झोपेची वर्तनोपचार पद्धत आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६मध्ये जुनाट निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हीच सुचवली. अंथरुणात फक्त झोपायचं, मोबाइल बघायचा नाही. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून बसायचं. जितके तास खरोखर झोप लागते, साधारण तितकेच तास अंथरुणात राहायचं आणि झोप जुळली की ते वाढवायचे. दहा बाय दहाच्या खोलीत उठून बसायचं कुठे, हा त्याचा प्रश्न रास्त होता. जिन्यात, असं ठरलं.

मरणाचे विचार येतात का, हेही मी विचारलं. असं विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. उलट माणूस मोकळा होतो. "तीनला येतात," तो म्हणाला. "सकाळी बसमध्ये बसलो की जातात." दारू उतरत असताना, अंधारात, एकट्याने जागं असणं ही सर्वांत धोक्याची वेळ. त्याच्या फोनमध्ये आम्ही १४४१६ हा क्रमांक टाकला. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. ती चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. त्याखाली बायकोचा नंबर, आणि ती वाट बघत असते असं मी सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा रडला.

पैशांचं त्याला वाटत होतं तेवढं अवघड नव्हतं. पगार २१ हजारांच्या आत असल्याने दरमहा ०.७५ टक्के ईएसआयचे कापले जात होते. त्या पैशांत चिंचवडच्या मोहननगरमधलं ईएसआय रुग्णालय त्याला आणि घरच्यांना खुलं आहे, हे त्याला माहीत नव्हतं. ज्यांचे ते कापले जात नाहीत त्यांच्यासाठी पिंपरीत महापालिकेचं वायसीएम, औंधचं जिल्हा रुग्णालय, पुण्यात ससून आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना फी नसते आणि पूर्ण नावही सांगावं लागत नाही.

शेवटी मी त्याला चिठ्ठी लिहून दिली : तीन महिने रात्रपाळी देऊ नये. आजाराचं नाव घातलं नाही. त्याने ती वाचली, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवली. दोन आठवड्यांनी आला तेव्हा ती तशीच खिशात होती. "ठेकेदाराला दिली तर तो म्हणेल, नाइट नको तर घरी बस," तो म्हणाला. लाइनवरच्या एकाला नाइटचा भत्ता हवा होता, त्याच्याशी त्याने शिफ्ट बदलून घेतली होती. बायकोला दारूचं सांगितलं होतं. ती दोन दिवस बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी मुलीला घेऊन चाकणला आली. सहा रात्री दारूशिवाय गेल्या होत्या, सातव्या रात्री नाइंटी घेतली होती, आणि त्यानंतर पुन्हा सात रात्री नाही. जाग अजून येत होती.

"किती वाजता?"

"चारला," तो म्हणाला. "कधी सव्वाचारला."